एकच फेरी

वसई, १६ जानेवारी २०२५

दादा,

हे पत्र तुला आर्याच वाचून दाखवणार, म्हणून आधी तिच्यासाठी एक ओळ. आर्या, तुझे बाबा मध्येच "पुरे" म्हणाले तर थांब, पण कागद त्यांच्या हातात देऊ नकोस.

माझं नाव दिसलं की तू फोन वहिनीकडे देतोस, हे मला ठाऊक आहे. शकूवहिनी बिचारी "ते वाडीत आहेत" म्हणते आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. वसईहून गिरीजला पत्र लिहिणारी बहुधा मी एकटीच असेन; रिक्षाने यायचं तर डब्यातला चहासुद्धा गार होणार नाही. पण तू म्हणालास, वाडीत पाय ठेवू नकोस, आणि ते मी पाळते आहे.

परवा संक्रांतीला आर्या तिळगूळ घेऊन माझ्या स्कॅन सेंटरवर आली. तिने सांगितलं की तुझा डावा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत सुजलाय आणि वहिनी रोज तेल लावून चोळते आहे. चोळणं आजपासून बंद. आर्या, हे वाक्य दोनदा वाच.

तुझे कागद मी पाहिले. सोनोग्राफीत मांडीपर्यंतच्या शिरा मोकळ्या दिसतात, पण त्याच्या वर, पोटात, गॅसमुळे काहीच दिसलेलं नाही. डॉक्टरांना संशय आहे की रक्ताची गुठळी तिथे वर अडकली आहे आणि म्हणून पायातलं रक्त परत जात नाही. ती सुटली तर फुप्फुसात जाते. याहून सौम्य शब्द शोधला, सापडला नाही. रक्त पातळ करायचं औषध लगेच द्यावं, तर गेल्या वर्षी तुझ्या पोटातून रक्त गेलं होतं. खात्री झाल्याशिवाय ते देणार नाहीत, आणि खात्री करायची तर शिरांचा सीटी स्कॅन हवा. तो तू करत नाहीस, कारण मशीन जवळपास एकाच ठिकाणी आहे आणि ते मी चालवते.

आता खुंटाबद्दल. ते टाळलं तर बाकीचं पत्र खोटं वाटेल. गेल्याच्या गेल्या वर्षी एप्रिलात मी वाडीतून केळीचा खुंट नेला. त्याचा घड उतरवलेला होता, तू तो तोडून मातीत टाकणारच होतास. नेऊ का विचारलं तर म्हणालास, "दोन ने, रिक्षात मावले तर." त्याचं काय करणार हे मी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. हे कारण पुरेसं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

शिरा फोटोत दिसाव्यात म्हणून आम्ही रक्तात एक औषध सोडतो, त्याला डाय म्हणतात. ते किडनीवाटे बाहेर पडतं. थकलेल्या किडनीला ते झेपत नाही. मशीनचा जोर कमी केला की तेच डाय जास्त चमकतं, म्हणून थोडं पुरतं, आणि किरणंही कमी लागतात. मात्र फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. ते सॉफ्टवेअरने किती पुसायचे आणि कुठे थांबायचं, हे शिकायला जिवंत माणूस पुन्हा पुन्हा मशीनखाली घालता येत नाही. केळीचा खुंट मांडीएवढा जाड असतो, पाण्याने भरलेला. त्यातून मी सलाईनच्या नळ्या आरपार घातल्या आणि नळ्यांत पातळ केलेलं डाय भरलं. आमच्या रेडिऑलॉजिस्ट डॉ. जोआना सांडोर गावच्या, त्यांना केळ काय नवी? त्या म्हणाल्या, "विनया, पेशंट गुणी आहे हो. उपाशीपोटी आलाय आणि हलत नाही."

पुढचं तुला माहीत आहे. सेंटरमधल्या कुणीतरी फोटो काढून "गिरीजची केळ आयसीयूत" असं लिहून ग्रुपवर टाकला. तीन ग्रुप ओलांडेपर्यंत त्याचं "गिरीजच्या केळ्यांत रेडिएशन" झालं, आणि तू नि वहिनीने उन्हात उलटूनपालटून वाळवलेली सुकेळी दुकानातून टोपल्यांसकट परत आली. तो खुंट वाडीत परत आला नव्हता. किरणं कशात साठून राहत नाहीत. टॉर्च विझवल्यावर भिंतीत उजेड उरत नाही, तसं. हे मी तेव्हाही सांगितलं. तू म्हणालास, "खरं असेल. पन दुकानदाराला तू सांगायला जानार काय?" मी गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली, आणि सुकेळी दुसरीकडून घ्यायला लागला. मी हे येऊन सांगितलं त्या दिवशी तू ते वाडीबद्दलचं वाक्य बोललास.

पण दादा, त्या खुंटावर जे शिकले ते आज तुझ्याच कामाचं आहे. साखरेने तुझी किडनी थकली आहे. नेहमीचं प्रमाण तिला झेपणार नाही. आमच्या पद्धतीचं झेपेल, असं किडनीचे डॉक्टरही म्हणतात. ये.

विनया


वसई, २३ जानेवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर आर्याने तुझ्या आवाजात करून दाखवलं. "आधी केळी, आता मी?" हे एक. "माझ्या पायात पन नळ्या घालनार काय?" हे दुसरं. आणि "आत्याला सांग, फोटो नीट काढ, ग्रुपवर टाकायचाय." मी हसले. काउंटरवरच्या बायका वळून बघायला लागल्या इतकं हसले, आणि मग आर्यासमोर डोळे पुसायची वेळ आली. ते तिने तुला सांगितलं असेलच. तिच्या पोटात काही राहत नाही.

पण जाताना ती म्हणाली की सगळी थट्टा झाल्यावर तू एक गोष्ट वेगळ्या आवाजात विचारलीस. "किती वेळा आत घालनार?"

ते कुठून आलं ते मला कळलं. आईच्या शेवटच्या आजारात मुंबईच्या त्या हॉस्पिटलात तू बाहेर बाकावर बसायचास. मी तेव्हा नोकरीला नाशकात होते. दर वेळी कुणीतरी दार उघडून सांगायचं, "आणखी एकदा घ्यावं लागेल." का, ते कुणी सांगत नसे. तू फोनवर मला विचारायचास, "का गं?" आणि मी म्हणायचे, "असेल काही कारण." असतंही. माणूस हलतो, श्वास सुटतो, फोटो बिघडतो. पण बाकावर बसलेल्याला ते कळावं कसं?

म्हणून लिहून देते. एकच फेरी. तू झोपशील, टेबल एकदा आत जाईल, एकदा बाहेर येईल. हातात एक सुई, अंगात थोडी ऊब, बस्स. डायचं माप मी स्वतः घेईन. मशीनचा जोर खुंटावर जो बरोबर ठरला तोच ठेवीन, दाण्यांचं काय करायचं ते मी बघेन.

"एकच" हा शब्द कागदावर उतरवताना मी थांबले होते. आमच्या कामात असा आकडा आधी कबूल करत नाहीत. पण तू येणं महत्त्वाचं आहे. आर्या, एवढ्या दोन ओळी वाचायच्या की नाही, ते तू ठरव.

चोळणं बंद झालं ना?

विनया


वसई, ३१ जानेवारी २०२५

दादा,

आज तू आलास.

लग्नाला घालतोस तो पांढरा सदरा होता. वहिनी मागून चपला सांभाळत येत होती, कारण सुजलेल्या पायात चप्पल जात नव्हती. आमच्या माणसाने चाकाची खुर्ची पुढे केली तर त्याला म्हणालास, "मी काय मयत आहे?" आणि लंगडत आत आलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. भिंतीवरच्या 'पोटात बाळ असेल तर सांगा' या सूचनेकडे बघत राहिलास, आणि वहिनीला म्हणालास, "माझं राहू दे, तुझं सांगून टाक." वहिनी पदर तोंडाला लावून हसली. सगळे हसले. मी सुई लावत होते, माझा हात हलून चालणार नव्हता.

मग मशीनमधली बाई बोलली, "सांस लीजिए. सांस रोकिए." तू टेबलावरून ओरडलास, "हिला मराठी येत नाही? वसईत राहून?" मी तिचा आवाज बंद केला आणि माइकवर स्वतः म्हटलं, "दादा, श्वास घे. रोख." त्या एप्रिलनंतर मी तुझ्याशी समोरासमोर बोललेले ते पहिले शब्द. तू ऐकलेस. इतका छान श्वास रोखलास की टेबल बाहेर आल्यावर सोड म्हणून सांगावं लागलं.

फोटो उत्तम आला. कमी जोरावर, इतक्या थोड्या डायवर, मी काढलेल्यांतला सगळ्यांत चांगला. पायाच्या, ओटीपोटाच्या शिरा पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या दिसत होत्या. मोकळ्या. डॉ. जोआना माझ्यामागे उभ्या होत्या, त्यांनी माझ्या खांद्यावर थाप दिली. मग मी चित्र वर सरकवलं. कमरेच्या वर, जिथे किडनीच्या शिरा मोठ्या शिरेला मिळतात, तिथे एक काळसर डाग होता.

तो डाग गुठळीचा असू शकतो. नसूही शकतो. तुला वाडीतल्या उदाहरणाने सांगते. दोन पाट एकत्र येतात, एकातून गढूळ पाणी येतं, एकातून निवळ. मिळाल्यावरही थोडं अंतर ते शेजारी शेजारी वाहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. तसंच किडनीकडून डाय मिसळलेलं रक्त आधी येतं, पायाकडून कमी डायचं मागाहून. जिथे ते मिसळलेलं नसतं तिथे काळं दिसतं, आणि गुठळीही काळीच दिसते. कमी जोरावर चमक वाढते, म्हणून काळंही जास्त काळं दिसतं.

यावर उपाय सोपा असतो. मिनिटभर थांबायचं, रक्त मिसळू द्यायचं, आणि तेवढाच भाग पुन्हा घ्यायचा. नवी सुई नाही, नवं औषध नाही. फक्त डाय शिरांत आहे तोवर.

मी माइकवर म्हटलं, "दादा, अजून एक छोटी फेरी घेऊ का?"

तू छताकडे बघत होतास. म्हणालास, "तू एकदाच म्हनाली होतीस."

"हो, पण..."

"मग झालं."

डॉ. जोआना म्हणाल्या, "विचार ना पुन्हा. मिनिट चाललंय." माझं बोट माइकच्या बटणावर होतं. मी ते काढून घेतलं आणि टेबल बाहेर आणलं. शब्द माझा होता, तुझ्याकडे लेखी होता. नंतर चहाच्या वेळी डॉ. जोआना एवढंच म्हणाल्या, "तुझा भाऊ आहे. तुला माहीत."

जाताना तू दाराशी थांबलास. मला वाटलं, काहीतरी बोलशील. म्हणालास, "किती थंड करून ठेवलंय. मानूस गारठून मरायचं." ते मला उद्देशून होतं की वहिनीला, हे मी ठरवू शकलेले नाही.

विनया


वसई, ४ फेब्रुवारी २०२५

दादा,

रिपोर्ट आर्याने नेला. त्यात लिहिलं आहे: गुठळीचा संशय, निश्चित सांगता येत नाही. तू तिला म्हणालास म्हणे, "एवढ्यासाठी उपाशी ठेवलं?" बरोबर आहे.

या चार दिवसांत मी काय केलं ते सांगते. मशीन प्रत्येक पेशंटचा मूळ डेटा काही दिवसांनी आपोआप पुसतं, पुढच्याला जागा करायला. तुझा मी कुलूप लावून ठेवला. रोज काम संपलं की त्याच एका फेरीतून नवा फोटो तयार करते. दाणे जास्त पुसले की कातडी, मांस, शीर सगळं मेणाच्या बाहुलीसारखं गुळगुळीत होतं आणि डाग जवळजवळ नाहीसा होतो. थोडे पुसले की डाग असतो, पण त्याची कड दाण्यांत हरवते. मधलं काहीतरी असेल, जिथे खरं दिसेल, असं वाटून एकेक पायरी खाली-वर करत राहते.

परवा माझ्या लक्षात आलं की डाग नाहीसा झाला त्या पायरीवर मी खुर्ची मागे सरकवून पाणी प्यायले होते. म्हणजे माझ्यापुरतं काम झालं होतं. मला भीती वाटली. दुसऱ्या कुणाच्या भावाचा फोटो असता तर मी तिथे थांबले असते का?

म्हणून मी ते सगळे फोटो नाव-नंबर काढून, उलटसुलट क्रमाने डॉ. जोआनांना दिले. त्यांनी काहींवर "आहे" लिहिलं, काहींवर "नाही", आणि उरलेल्यांवर काहीच नाही. मग सगळे गोळा करून माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "विनया, तू फोटो सुधारत नाहीयेस. तू मला मनवतेयस." मी म्हटलं, दाण्यांमागे काहीतरी आहेच ना? त्या म्हणाल्या, "दाण्यांमागे असेल तर पुसून दिसेल. मिसळलेलं रक्त त्या वेळी तिथे आलंच नव्हतं, ते तू कुठून आणणार? त्याला बोलाव."

म्हणून बोलावते आहे. तुझ्या किडनीचा रिपोर्ट अजून थोडा वर आहे. तो उतरला की पुढच्या आठवड्यात पुन्हा डाय देता येईल असं डॉक्टर म्हणतात. या वेळी थोडं थांबून घेऊ, रक्त मिसळू देऊ. फेऱ्या किती, ते मी या वेळी लिहून देत नाही. दोन लागतील, कदाचित तीन. दम लागला, छातीत दुखलं, तर माझी वाट बघू नकोस, सरळ हॉस्पिटल. आर्या, हे तुला आणि वहिनीलाही.

विनया


वसई, ९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझा निरोप मिळाला. "नाही म्हनजे नाही. एकदा झालं."

आर्या म्हणत होती, "आत्या, तू ये ना घरी. तू समोर बसून सांग." मी नको म्हटलं. तू मला येऊ नको म्हणाला आहेस. तुझ्या दुखऱ्या पायाचं निमित्त करून तो शब्द मोडणं मला बरं दिसत नाही. शिवाय मी आले तर तो आग्रह होईल. आमच्याकडे पेशंट नाही म्हणाला की आम्ही धोका एकदा समजावून सांगतो आणि थांबतो. तो त्याचा हक्क आहे. परक्याला जो हक्क देते तो सख्ख्या भावाला द्यायचा नाही, असं कसं करू? धोका मी सांगितला आहे, लिहून सांगितला आहे.

परवाच्या सोनोग्राफीत पुन्हा गॅसच दिसला, पण सूज थोडी उतरली आहे असं वहिनी म्हणाली. ते चांगलं लक्षण असेल. नसेलही.

तुझी "नाही" मी मान्य केली आहे. डेटा कुलपात ठेवला आहे. कधीही मन बदललं तर नुसतं आर्याला सांग, मी सगळ्या पेशंटांच्या आधी तुला घेईन.

विनया


वसई, १२ मार्च २०२५

दादा,

हे पत्र कुणी तुला वाचून दाखवणार नाही. तरी लिहिते, कारण तुझ्याशी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बोलायची सवयच राहिली नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मांडवावर सुकेळी उलटताना तू खाली बसलास. वहिनीला वाटलं ऊन लागलं, तिने पाणी आणलं. तू म्हणालास, "नको." मग आडवा झालास. हॉस्पिटलात नेलं तेव्हा श्वास चालू होता. तिथल्या डॉक्टरांनी मला, मी त्याच व्यवसायातली म्हणून, बाजूला घेऊन हृदयाची सोनोग्राफी दाखवली. गुठळी फुप्फुसाकडे गेली होती. मोठी होती. ते म्हणाले, "आधी कुठे दिसली नव्हती का?" मी म्हटलं, संशय होता. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर मी तो जानेवारीचा फोटो उघडला. आता मला तो डाग प्रत्येक पायरीवर दिसतो. दाणे ठेवले तरी, पुसले तरी. मेणाच्या बाहुलीतसुद्धा दिसतो. मी डॉ. जोआनांना बोलावून आणलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "मलाही दिसतोय. पण आता मला माहीत आहे ना, म्हणून दिसतोय. तेव्हा मी खोटं बोलले नव्हते, विनया, आणि तूही नाही." हे खरं असावं. त्यांनी मशीन बंद केलं आणि मला सांडोरला त्यांच्या घरी नेलं. त्यांच्या आईने काही न विचारता माझ्यापुढे पेज ठेवली.

तेराव्याला मी वाडीत होते. लोक गेल्यावर स्वयंपाकघरात वहिनी, आर्या आणि मी उरलो. आर्या भांडी पुसत होती. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "आत्या, त्या दिवशी ती दुसरी फेरी घेतली असती तर कळलं असतं?"

मी म्हटलं, "हो. बहुतेक कळलं असतं."

"मग का नाही घेतलीस?"

"बाबा नाही म्हणाले."

आर्याच्या हातातलं फडकं थांबलं. ती आईकडे बघायला लागली. वहिनी विळीवर नारळ खवत होती. तिचा आवाज रागाचा नव्हता, दादा. शाळेतल्या मुलाला साधी गोष्ट सांगावी तसा होता.

"तेंच्या नाहीला कोन विचारतं? मला बघायला आले तेव्हापन पहिलं नाहीच म्हनले होते. चहा घेता का, नाही. डॉक्टरकडे जाऊ या, नाही. दुसऱ्यांदा विचारायचं असतं तेंना. मग लगेच उठतात. तुझ्या पहिल्या पत्रालापन नाहीच होतं की. आर्याने दुसऱ्यांदा वाचून दाखवलं, तर म्हनले, सदरा काढ."

तिने खवलेला नारळ बाजूला केला.

"तुलापन नको येऊ म्हनले," वहिनी म्हणाली, "आनि भाऊबीजेला सकाळी अंघोळ करून पाटावर बसले. दोन्ही वर्षं. मी म्हटलं, फोन करू काय? तर नाही म्हनले. मी म्हटलं, असू दे, तिला कळतं, ती येईल."

मला कळत नव्हतं, दादा. आठ वर्षांनी धाकटी मी. कॉलेजला बाहेर पडले ती नोकरीतच राहिले. आई होती तोवर तुला दुसऱ्यांदा विचारायचं काम तिचं होतं, आणि आई गेल्यावर ते वहिनीने उचललं. मला कधी ते करावंच लागलं नाही, म्हणून असं काही करावं लागतं हेच मला माहीत नव्हतं. काचेच्या अलीकडे बसून मी तुझी एक "नाही" ऐकली आणि एखाद्या परक्या पेशंटची मानावी तशी मानली. घरातलं कुणीही, आर्यासुद्धा, त्या माइकवर असती तर म्हणाली असती, "बाबा, गप पडून राहा," आणि तू राहिला असतास.

मी चुकले का? पेशंटची नाही मानायची, हे आजही मला बरोबर वाटतं. उद्या कुणी नाही म्हणालं तर मी उद्याही बोट काढून घेईन. नाही, तेही खरं नाही. उद्या काय करीन ते मला माहीत नाही. गेल्या आठवड्यात एक आजोबा फेरीच्या मध्येच "बस" म्हणाले आणि मी माइकवर नुसती श्वास घेत बसले, त्यांनीच वैतागून विचारलं, "मॅडम, आहात ना?"

तुझा डेटा अजून कुलपात आहे. डॉ. जोआना म्हणतात, काढून टाक. आर्या म्हणते, राहू दे. मी दोघींनाही बरं म्हटलं आहे.

त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा वहिनीने विचारलं, "जेवून जातेस ना?" मी नको म्हटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी नको म्हटलं. ती उत्तर देत बसली नाही. तिने मागच्या दारातून केळीचं पान कापून आणलं, पाण्याने पुसलं, जमिनीवर मांडलं, भात वाढला, वर वरण, बाजूला सकाळची भाजी. मग म्हणाली, "बस." आर्याने माझ्या खांद्यावरची पर्स काढून घेतली.

मी बसले. आणि जेवले, दादा.

विनया